जपात येणारी माणसे

देवस्थानच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसाला दिवसभर जे प्रश्न विचारले जातात, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे या पुस्तिकेच्या इतर पानांवर दिलेली आहेत. काकड आरती किती वाजता होते, ओटी कोठे भरावी, भक्तनिवासात खोली मिळेल काय, देणगीची पावती प्राप्तिकरासाठी चालते काय, हे सारे तेथे सापडेल. एका प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याच पानावर नाही. तो प्रश्न बहुधा वयोवृद्ध भाविक विचारतात, आणि तोही पावती हाती पडल्यावर, निघता निघता, आवाज थोडा खाली आणून. प्रत्येकाचे शब्द निराळे असतात. आशय असा, की गेली चाळीस-पन्नास वर्षे नेमाने जप करीत आलो, पण आता माळ हाती घेतली की मन जागेवर राहत नाही. आई दिसते, गेलेला भाऊ दिसतो, जुन्या घराची पडवी दिसते, परगावी असलेल्या मुलाची काळजी मध्येच येऊन बसते. मणी पुढे सरकतात आणि मन मागे जाते. असा जप देवीला पोचतो काय?

मी शास्त्री नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन पुढे देवस्थानच्या सेवेत रुजू झालेला एक कारकून माणूस आहे, आणि आज कार्यवाह म्हणून काम पाहतो. परंतु हा प्रश्न इतक्यांदा कानी पडला आहे, की त्यावर विचार न करणे शक्य झाले नाही. शिवाय माझ्या घरीच त्र्याऐंशी वर्षांची माझी आई आहे, आणि तिचा आठवडा मी रोज पाहतो. या लेखातील विचार थोडे त्या आठवड्यातून आणि थोडे जुन्या ग्रंथांतून आलेले आहेत.

शास्त्राचे सरळ उत्तर सर्वांना ठाऊक आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हीच तक्रार केली आहे. मन चंचल आहे, त्याला आवरणे वाऱ्याची मोट बांधण्याइतके कठीण आहे, असे त्याचे म्हणणे. भगवंतांनी ते नाकारले नाही. मन आवरणे दुष्कर आहे हे मान्य करून त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. उपाय अचूक आहेत याविषयी शंका नाही. तथापि अर्जुन त्या वेळी रणांगणावर उभा राहण्याइतका धडधाकट होता. ज्याने साठ वर्षे अभ्यास केला, आणि ज्याच्या हातून आयुष्याने एकेक करून बहुतेक गोष्टी आधीच काढून घेतल्या, त्या वृद्धाला पुन्हा अभ्यास करा आणि वैराग्य बाणवा असे सांगताना माझी तरी जीभ अडखळते. त्याच्यापाशी आता उरले आहे ते स्मरण. तेही टाकून मगच देवापुढे बसावे, असा धर्माचा खरोखर आग्रह आहे काय?

वृद्धापकाळी तारखा पुसट होतात, वार मात्र टिकून राहतात. आईला आज किती तारीख आहे ते सांगता येणार नाही. पण वार चुकत नाही, कारण प्रत्येक वाराला तिने एकेक देव आणि एकेक काम नेमून ठेवलेले आहे. सोमवारी महादेव आणि एकभुक्त. मंगळवारी आणि शुक्रवारी आमची श्रीदेवी. गुरुवारी दत्त महाराज. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ. हल्ली गुडघ्यांमुळे तिला मारुतीच्या पारापर्यंत जाता येत नाही, म्हणून शेजारचा शाळकरी मुलगा वाटी घेऊन जातो आणि येताना वाटी रिकामी आहे हे तिला दाखवतो. रविवारी सूर्याला अर्घ्य आणि पुण्याच्या धाकट्या भावाचा दूरध्वनी. या दोन्हींची वेळ ठरलेली आहे, आणि दोन्हींपैकी एखादे चुकले तर ती सारखीच अस्वस्थ होते. तिच्या आठवड्यात देवाचे कोणते आणि घराचे कोणते, अशी रेघ मला आजवर ओढता आलेली नाही.

बुधवार हा पांडुरंगाचा वार. त्या दिवशी ती विष्णुसहस्रनाम म्हणते. पुस्तक समोर असते ते केवळ मान म्हणून. तिला ते मुखोद्गत आहे. आता, तिच्या पिढीच्या स्त्रिया पतीचे नाव घेत नसत हे वाचकांस ठाऊक आहेच. लग्नकार्यात उखाण्यातून काय घेतले जाई तेवढेच. एरव्ही ‘अहो’, ‘घरातले’, नाहीतर मुलाच्या नावाने हाक. माझ्या वडिलांचे नाव सहस्रनामातील नावांपैकीच एक होते, आणि ते त्यात एकाहून अधिक वेळा येते. वडील २००९ साली गेले. त्यानंतर कित्येक महिन्यांनी, एका बुधवारी शेजारच्या खोलीत बसलो असता, माझ्या ध्यानात आले की त्या नावापाशी आईचा स्वर किंचित मंदावतो. थांबत नाही. मंदावतो, आणि पुढे जातो. मग मी मनात हिशेब केला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या नावाने तिने कधी हाक मारली नाही, ते नाव ती दर बुधवारी उघडपणे, मोठ्याने, देवापुढे बसून घेत आली होती, आणि घरात त्यावर कोणालाही काही बोलता येण्यासारखे नव्हते.

आता प्रश्न असा की त्या क्षणी ती नाव कोणाचे घेते? विष्णूचे म्हणावे तर स्वर का मंदावतो? वडिलांचे म्हणावे तर त्या क्षणापुरती पूजा खंडित झाली असे मानायचे काय? सहस्रनाम हे महाभारताच्या अनुशासन पर्वात येते. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांनी ते युधिष्ठिराला सांगितले, म्हणजे कुळातील सर्वांत वृद्ध पुरुषाने आपल्या नातवाला. ज्या कुळासाठी आयुष्य घालविले त्या कुळाचा नाश डोळ्यांदेखत झालेला, समोर उरलेली थोडी माणसे, आणि त्यांच्यात बसून देवाची नावे घ्यायची. त्या हजार नावांच्या मध्ये भीष्मांच्या मनात कोण कोण येऊन गेले असेल, हे व्यासांनी सांगितलेले नाही.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आधार देणाऱ्या दोन कथा श्रीमद्भागवतात आहेत, आणि गंमत अशी की त्या एकमेकींपासून फार दूर नाहीत. पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून तो गंडकीच्या तीरी तप करीत राहिला. तेथे सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी नदी ओलांडताना प्रसूत झाली व मरण पावली. प्रवाहात पडलेले तिचे पाडस भरताने उचलून आणले आणि वाढविले. पुढे त्याचा जीव त्या पाडसात असा गुंतला, की मरणसमयी त्याच्या मनात तेच होते, आणि त्याला हरणाचा जन्म घ्यावा लागला. कीर्तनात ही कथा वृद्धांना भीती घालण्यासाठी पुष्कळदा सांगितली जाते: पाहा, एका हरणाच्या मायेने राजर्षीची ही गत, मग नातवंडांच्या मायेत बुडालेल्या तुमची काय होईल!

पुढच्याच सहाव्या स्कंधात अजामिळ आहे. आयुष्य वाईट मार्गाने घालविलेल्या या माणसाने मरताना भीतीने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते. मनात देव नव्हता, मुलगाच होता; तरी विष्णुदूत धावून आले आणि त्यांनी यमदूतांना परत पाठविले. एकाच ग्रंथात, एका मागोमाग, एकाला ममतेने बांधले आणि दुसऱ्याला ममतेच्या हाकेने सोडविले. दोन्ही कथा खऱ्या मानायच्या तर त्यांतील भेद कोठे आहे तो शोधला पाहिजे.

मला तो भेद मूळ कथेतच दिसतो. पाडस उचलले म्हणून भरताचा अधःपात झाला असे भागवत म्हणत नाही. बुडत्या जिवाला काढणे हे पापच कसे असेल? ग्रंथात स्पष्ट आहे ते असे, की पाडसाच्या मागे लागून त्याचे यमनियम आणि भगवंताची पूजा एकेक करून सुटत गेली. पूजेत पाडस आले हा दोष नव्हता. पाडसापायी पूजा राहिली, हा होता. आणि भागवतकारांनी त्यालाही कायमचे टाकून दिलेले नाही. हरणाच्या जन्मात त्याला मागील जन्माची आठवण राहिली, आणि पुढे जडभरत होऊन त्याने रहूगण राजाला ज्ञान सांगितले, हा कथेचा उत्तरार्ध कीर्तनात बहुधा वेळेअभावी राहून जातो.

ज्या वृद्ध भाविकाचे मन जपात भरकटते त्याची माळ सुटलेली नसते. तो बसलेला असतो, स्नान करून, ठरल्या वेळी, ठरल्या पाटावर. माणसे त्याच्याकडे येतात. तो माळ टाकून त्यांच्यामागे जात नाही. भरताच्या उदाहरणाने त्याला घाबरविण्याचे कारण मला दिसत नाही.

येथवर आपण माणसे पूजेत येतात त्याविषयी बोललो. सोमवारच्या एका कहाणीत तर घर पूजेच्याही आधी येते. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घरोघरच्या स्त्रियांना पाठ असे. आता ऐकणारे कमी झाले म्हणून थोडक्यात देतो. एका राजाच्या मनात आले की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली गेली, की सोमवारी सर्वांनी घरचे सारे दूध देवळात आणावे. राजाच्या धाकाने कोणी वासरांना पाजले नाही, मुलांना दिले नाही. सारे गावचे दूध गाभाऱ्यात ओतले, तरी गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरातील कामधाम आटोपले होते, मुलाबाळांना खाऊ-पिऊ घातले होते, वासरांना पाजले होते, आणि मग उरलेले खुलभर, म्हणजे लहानशा वाटीभर, दूध घेऊन ती आली होती. तिने ते वाहिले आणि गाभारा भरून गेला. राजाने तिला पुढे गाठून विचारले, तेव्हा तिने निर्भयपणे सांगितले की तुझ्या आज्ञेने वासरे आणि मुले तळमळली. ते देवाला रुचत नाही.

ही कहाणी मी आईकडून लहानपणी ऐकली. तिच्यापाशी तिला जोडून आणखी एक आठवण आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तिची कहाणी पुरी होत नाही. १९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा खटाव तालुक्यात राहत होतो. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, मी चार वर्षांचा. पाऊस पडावा म्हणून गावाने महादेवाला पाण्यात कोंडायचे ठरविले, म्हणजे पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्याने भरायचा, अशी आमच्याकडे जुनी चाल आहे. घरटी दोन घागरी पाणी द्यायचे ठरले. विहिरी तळाला गेलेल्या, एक घागर भरायला अर्धा प्रहर लागे. आमच्या आजीने पहिली घागर देवळात दिली आणि दुसरी दिली नाही. ती तिने गोठ्यातल्या कालवडीपुढे ठेवली. गावातल्या काही जाणत्यांनी वडिलांकडे तक्रार केली, की मास्तर, तुमच्या घरचे पाणी कमी पडले म्हणून देव कोंडला गेला नाही. आजी एवढेच म्हणाली, की अर्धे पाणी देवाला दिले, अर्धे देवाच्या जनावराला दिले.

कहाणीत गाभारा भरला. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस पडला नाही. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले, कालवडही पुढे चाऱ्याअभावी बाजारात विकावी लागली. आई हे सारे कसलाही अर्थ न लावता सांगते. दर सोमवारी शिवपिंडीवर पाणी घालताना आजीची ती घागर तिच्या मनात येते, असे तिनेच एकदा बोलता बोलता सांगितले. महादेवाने ती घागर मोजली की नाही, हे आम्हांला कळलेले नाही. पण पन्नासांहून अधिक वर्षे एक सून आपल्या सासूची घागर देवापुढे उभी करते आहे, आणि ही सून त्या सासूच्या हाताखाली काही सुखात नांदली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कारण आठवणी सगळ्याच गोड नसतात, आणि या ठिकाणी मला माझ्याच म्हणण्याला थोडा आवर घातला पाहिजे. जपात माणसे येतात तशी त्यांची उणीदुणीही येतात. वाटणीच्या वेळी थोरल्याने काय केले, लग्नात कोणाचा मान राहिला, आजारपणात कोण फिरकले नाही. हातात माळ आणि मनात फिर्याद, असे बसलेले वृद्ध मी सभामंडपात पाहिले आहेत, आणि त्यांची माळ मला वकिलाच्या कागदासारखी वाटली आहे. ममता आणि सल दोन्ही आठवणीच्या वाटेनेच येतात, आणि येताना वेगळे ओळखू येत नाहीत. मला त्यांची एकच खूण आढळली आहे. फिर्याद घेऊन बसलेला माणूस उठताना जसाच्या तसा असतो. आठवण घेऊन बसलेला उठल्यावर काहीतरी करतो. कोणाला तरी पत्र घालतो, दूरध्वनी करतो, प्रसादाची पुडी कोणासाठी तरी बांधून मागतो. एका आजोबांनी गाभाऱ्यातून थेट कार्यालयात येऊन, ज्याच्याशी कित्येक वर्षे बोलणे नव्हते अशा चुलतभावाच्या नावे अभिषेक लावला. पावती पोस्टाने त्या भावाकडे पाठवा म्हणाले. पाठविली. पुढे काय झाले ते विचारण्याचा कार्यालयाला अधिकार नाही.

सन २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील मंदिरे दर्शनासाठी बंद झाली, ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी उघडली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद होऊन त्याच वर्षी घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला उघडली. २०२० ची आषाढी वारीही पायी निघाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. त्या काळात पुजाऱ्यांनी नित्य पूजाअर्चा चालू ठेवली होती, पण कार्यालयाचा दूरध्वनी दिवसभर वाजत असे, आणि बोलणारे बहुतेक वृद्ध असत. मला वाटले होते की ते स्वतःच्या राहिलेल्या दर्शनाविषयी किंवा अडलेल्या नवसाविषयी विचारतील. काहींनी तसे विचारलेही. परंतु कितीतरी जणांचा प्रश्न निराळाच होता. देवी एकटी असते का? नैवेद्य वेळेवर दाखवतात ना? थंडी पडली आहे, शाल घालता ना? जी चौकशी दूरच्या लेकीची करायची ती ते देवीची करीत होते. ज्यांना आयुष्यभर आपल्या माणसांची काळजी वाहण्याची सवय जडली, त्यांनी ती देवीलाही लावली. वैराग्याने पूर्ण रिकाम्या झालेल्या मनाला हा प्रश्न सुचला असता काय, याविषयी मी साशंक आहे.

अलीकडे कार्यालयाला आणखी एक बदल जाणवतो. ऑगस्ट २०२२ पासून राज्य शासनाने पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. तेव्हापासून आडवारी, गर्दी नसताना, एकेकटे वृद्ध येतात. सकाळच्या गाडीने येतात, दर्शन घेतात, महाप्रसाद घेतात, सभामंडपाच्या खांबाला टेकून दोन तास बसतात आणि दुपारच्या गाडीने परततात. याला भक्ती म्हणावे की विरंगुळा, असे एका विश्वस्तांनी गमतीने विचारले होते. मी म्हणालो, साहेब, त्यांच्या घरी कदाचित कोणी विचारणारे नसेल. येथे निदान पुजारी विचारतात, की मावशी, मागच्या मंगळवारी दिसला नाहीत.

ओघाने आले म्हणून देणगीदारांसाठीही दोन शब्द लिहितो. कार्यवाहाने खुलभर दुधाची कहाणी सांगावी यात थोडी विसंगती आहे, हे मी जाणतो. देवस्थानचा खर्च वाटीभर दुधात भागत नाही, आणि मोठ्या मनाने दिलेल्या मोठ्या देणग्यांवरच अन्नछत्र आणि भक्तनिवास उभे आहेत. त्याबद्दल संस्था ऋणी आहे. तरीही कहाणीतील क्रम विसरता येत नाही. एक वृद्धा हातातल्या सोन्याच्या पाटल्या देवीला देण्यासाठी आल्या होत्या. आजारपणासाठी काही शिल्लक ठेवले आहे काय, असे मी विचारले, तेव्हा त्या रागावल्या. देवीला देताना हिशेब विचारतोस, म्हणाल्या. त्यांची पाटल्यांची जोडी आम्ही त्या दिवशी स्वीकारली नाही, खणानारळाने ओटी भरून घेतली. याच्या उलटही घडते. आईवडिलांच्या नावे संगमरवरी पाटी बसवू इच्छिणारे सद्गृहस्थ बोलता बोलता सांगतात की आई अजून आहे, गावी असते, एकटी असते. आईवडिलांचा सांभाळ मुलांनी करावा यासाठी २००७ साली संसदेला कायदा करावा लागला. ज्या समाजात श्रावणबाळाची गोष्ट पाळण्यात सांगतात तेथे तो करावा लागला. पाटी बसविण्यास संस्थेची हरकत नसते. फक्त पाटीच्या अनावरणाला आईला घेऊन या, अशी विनंती मी करतो. बहुतेक आणतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पूजेत कुटुंबाला मज्जाव असता, तर पूजेच्या आरंभी संकल्प कशासाठी असता? गुरुजी देशकालाचा उच्चार करून यजमानाचे गोत्र व नाव सांगतात आणि त्याच्या सर्व कुटुंबाचे क्षेम मागतात. पहिले फूल वाहण्यापूर्वीच सारे घर देवापुढे उभे केलेले असते. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्या नावाने बोलाविल्या जातात. पितृपक्षातील महालयात तर काका, आत्या, मामा, सासरची माणसे, गुरू आणि मित्र यांनाही स्थान आहे. एका बाजूने माणसांना नावानिशी पूजेत आणायचे आणि दुसऱ्या बाजूने ती आपणहून आली तर दोष मानायचा, हे आपल्या आचारधर्माशी जुळत नाही. नवविधा भक्तीतील तिसऱ्या भक्तीला स्मरण म्हणतात. देवासाठी आणि माणसांसाठी आपल्या भाषेने या कामी दोन निरनिराळे शब्द केले नाहीत, ही गोष्ट मला पुष्कळ सांगून जाते.

असो. जो प्रश्न निघता निघता विचारला जातो त्याचे उत्तर निघता निघता देणे मला कधी साधलेले नाही. मी बहुधा नोंदवही उघडून दाखवतो. अभिषेकाच्या नोंदवहीत ‘कोणाच्या नावे’ असा एक रकाना आहे. तरुण माणसे त्यात स्वतःचे नाव लिहितात, किंवा नवराबायकोचे. नोकरी, घर, परीक्षा अशी कारणेही सांगतात, आणि ते योग्यच आहे. सत्तरी ओलांडलेल्यांची नोंद पाहावी. मुलगा, सून, जावई, नातवंडे, विधवा बहीण, भाडेकरूचा आजारी मुलगा, घरकाम करणाऱ्या बाईची लेक. कित्येक चिठ्ठ्यांवर अक्षर थरथरते, पण गोत्र आणि नक्षत्र चुकत नाही. त्या लांबलचक यादीत लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव बहुधा सापडत नाही. गुरुजी विचारतात, आजी, तुमचे नाव? तेव्हा कोणी हसतात, कोणी म्हणतात, घाला शेवटी, जागा असेल तर.

अभिषेकाच्या छापील पावतीवर पाच नावांपुरती जागा आहे. अधिक नावे असल्यास भाविकांनी ती वेगळ्या कागदावर सुवाच्य लिहून पावतीस जोडावीत. गुरुजी सर्व नावे वाचतात.